नंदीच्या वरच्या पायऱ्या

यंदा आषाढ लागून आठवडा झाला, पहिला शुक्रवारही गेला, तरी तुळसाक्कांची पुडी आली नाही.

दर वर्षी ती न चुकता यायची. कधी त्यांची सून सरोजा घेऊन यायची, कधी आमच्या हिनकलकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती यायची. कन्नड वर्तमानपत्राच्या कागदातल्या दोन पुड्या, मोठी हळदीची आणि छोटी कुंकवाची, वर शिवणाच्या दोऱ्याचे सात-आठ फेरे. दोऱ्याच्या रंगावरून त्या आठवड्यात त्यांच्या मशीनवर काय चाललं होतं तेही कळायचं. हळद एच. डी. कोट्याची, त्यांच्या बहिणीच्या शेतातली. मी कुंकू करंड्यात ओतायची, हळद मिसळणाच्या डब्यात, आणि पोचली म्हणून फोन करायची. “हां,” एवढंच म्हणून त्या फोन ठेवायच्या. तेरा वर्षं हे असं चाललं. ती हळद कशासाठी येते हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी आमच्या घरचं वरण त्याच हळदीनं पिवळं होत होतं.

आमच्या गच्चीवरून चामुंडीचा डोंगर दिसतो. दिसायचा, म्हणायला हवं. समोर दोन इमारती उठल्यापासून मधल्या फटीतून दिसेल तेवढा आपला. आषाढात तेवढाही नाही. सकाळी चहाचा कप घेऊन वर जावं तर ढग उतरून माथ्यावर बसलेला असतो. देवळाचं गोपूर नाही, मनोरा नाही, नुसता खालचा हिरवा घेर. पाऊस म्हणावा असा पाऊसही नसतो. इथले लोक ‘सोणे मळे’ म्हणतात ती बारीक झिमझिम, छत्री उघडेपर्यंत थांबणारी आणि मिटली की पुन्हा येणारी. कपडे चार दिवस वाळत नाहीत. गुडघे कुरकुरतात. मला हा महिना आवडत नाही, हे एकदा स्वच्छ सांगून टाकते. या महिन्यात मी दमलेली असते, आणि हे दमणं आजच्या कामाचं नसतं.

मी मूळची साताऱ्याची, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशीच वाढलेली. तिकडे आषाढ म्हणजे आखाड, आणि आखाड म्हणजे तळण. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि सगळ्या घराला तेलाचा वास. अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही म्हैसूरला आलो, तेव्हा पहिल्याच आषाढात मी कापण्या करून शेजारी वाटल्या. शेजारणीनं त्या घेतल्या, छान आहेत म्हणाली, आणि शुक्रवारी डोंगरावर येतेस का म्हणून विचारलं. इथला आषाढ म्हणजे डोंगर. दर शुक्रवारी पहाटेपासून बायका पायथ्याशी जमतात आणि प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत वर चढतात. हजारएक पायऱ्या. प्रत्येकीला वाकायचं, दोन बोटं हळद, एक बोट कुंकू, उठायचं, पुढची पायरी. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते. मला ते ऐकूनच पाठदुखी झाली.

हा डोंगर आमच्याकडच्यासारखा रांगेतला नाही. सपाट मुलखात एकटाच उठलाय, अंगावर जंगल घेऊन. दरी म्हणावी अशी दरीही नाही, पण सगळं शहर त्याच्याकडे उतरतं. तळी, वाडे, रस्ते, सगळे त्याच्या बाजूला कललेले. पत्ता सांगतानासुद्धा लोक ‘बेट्टाच्या बाजूला’ आणि ‘बेट्टाच्या उलट’ असं सांगतात, बेट्ट म्हणजे डोंगर. नवीन होते तेव्हा मला त्याचा आधार वाटायचा. कुठेही हरवलं की मान वर करायची, डोंगर बघायचा, घर कुठल्या हाताला ते कळायचं. पुढे पुढे त्याच्याकडे बघणं मी टाळायला लागले. सकाळी गच्चीवर जायचं तर पाठ तिकडे करून उभी राहायची. अविनाश म्हणायचा, चहा पिताना तू नेहमी रागावलेली का दिसतेस?

तुळसाक्का मला त्यांच्या आवाजामुळे भेटल्या. देवराज मार्केटच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवून देणारं कुणी शोधत होते, आणि एका दुकानातून कुणीतरी कुणालातरी मराठीत झापत होतं. मराठी म्हणजे अर्धी मराठी, अर्धी कन्नड, वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसऱ्या भाषेत संपणारं. मला इतका आनंद झाला की मी तशीच आत शिरले. शिंप्यांचं जुनं घर, कितीतरी पिढ्या म्हैसुरात. मशीनच्या वर विठोबाची तसबीर, तिला दोऱ्यांच्या रिकाम्या रिळांची माळ. तुळसाक्कांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, की तुझा डावा खांदा उतरलेला आहे, आतापर्यंत कुणी सांगितलं नाही काय? कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून माझे ब्लाउज नीट बसायला लागले.

नंतरची दोन-तीन वर्षं मी त्यांच्याकडे कामाशिवायही जायला लागले. माझ्या कन्नडवर त्या पोट धरून हसायच्या आणि त्यांच्या मराठीवर मी मनातल्या मनात. त्यांना माणसं कपड्यांवरून कळायची. कोण हल्ली जेवत नाही, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या घरात बरं चाललेलं नाही, सगळं शिवणीवरून आणि काठांवरून. मला गंमत वाटायची. ही नजर एक दिवस आपल्यावरही पडेल हे डोक्यात आलं नाही.

मग तो आषाढ आला. अविनाश सेहेचाळीस वर्षांचा होता. कारखान्यात चहा घेताना त्याच्या हातातून कप पडला, आणि उचलायला हात खाली गेलाच नाही. डावी बाजू पूर्ण गेली, बोलणंही गेलं. त्या महिन्याचं मला नीट एका ओळीत काही आठवत नाही. दवाखान्याच्या जिन्यावर ओल्या छत्र्यांचा वास आठवतो. मुलीच्या डब्यात तीन दिवस सलग ब्रेड दिला ते आठवतं. मी शाळेत उभी राहून पोरांना मज्जासंस्था शिकवत होते, फळ्यावर मेंदूची आकृती काढत होते, आणि मला वाटत होतं की खडू खाली ठेवावा आणि इथेच फरशीवर आडवं व्हावं. अविनाश माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न करायचा आणि मला ते कळायचं नाही. त्याला आपण कायमचे असेच राहणार अशी भीती वाटत होती. मलाही तीच वाटत होती, आणि दोघांनाही ते एकमेकांना सांगता येत नव्हतं.

तुळसाक्कांनी मला न विचारता नवस बोलला. हरके, त्या म्हणाल्या. तो चालायला लागावा म्हणून खालपासून वरपर्यंत एकूण एक पायरीला हळदकुंकू. वय तेव्हाच साठीच्या पुढे, एका दिवसात सगळ्या पायऱ्या होणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी शिवणाचा हिशेब लावला, एका शुक्रवारी जेवढं होईल तेवढं, आणि थांबल्या त्या पायरीच्या कडेला शिंप्याच्या खडूची रेघ. पुढच्या शुक्रवारी पावसानं रेघ धुतलेली, पण शेजारचं झाड, तुटका कठडा असं काही लक्षात ठेवलेलं. तीन शुक्रवारांत त्या नंदीपर्यंत पोचल्या. डोंगराच्या अंगावर तो एवढा मोठा काळा दगडी नंदी बसलाय, तिथून वर अजून तीनेकशे पायऱ्या राहतात. तिसऱ्या शुक्रवारी उतरताना ओल्या दगडावरून पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. शिंपिणीचं उजवं मनगट.

प्लास्टर गळ्यात अडकवून त्या दवाखान्यात आल्या. अविनाशच्या पायांवरचं पांघरूण डाव्या हातानं सारखं केलं आणि मला बाहेर बोलावलं.

“खालच्या मी केल्या,” त्या म्हणाल्या. “वरच्या तुझ्या. नवरा तुझा नव्हे, अल्वा?”

मी हो म्हटलं. चौथा शुक्रवार आला त्या दिवशी मला दवाखान्यातच घेरी आली, मी गेले नाही. आषाढ संपला. श्रावणात एकदा दुकानावरून जाताना त्यांनी हाक मारून विचारलं, झाल्या काय? आणि मी म्हटलं, झाल्या. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं, आणि मला अजून एक वाक्य बोलायचं त्राण नव्हतं. माझा त्या पायऱ्यांवर विश्वास नव्हता हे खरं. पण मी विश्वास नाही म्हणून खोटं बोलले, असं म्हणणं म्हणजे पुन्हा खोटं. मी दमले होते म्हणून बोलले. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि कुठली साडी नेसून गेलीस ते विचारलं. शिंपीणच ती, दुसरं काय विचारणार. मी म्हटलं, हिरवी सुती.

अविनाश दसऱ्यापर्यंत उभा राहिला, संक्रांतीपर्यंत चालायला लागला. दवाखान्यात त्याच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या एका शांत मुलीची मेहनत होती, आणि त्याची स्वतःची. डावा पाय अजून थोडा ओढतो. तुळसाक्कांनी त्याला दुकानात चालत आलेला बघितला तेव्हा त्या मशीन थांबवून रडल्या. मीही रडले, पण माझ्या रडण्यात दुसरंच काही मिसळलेलं होतं. त्यांना वाटत होतं आपण दोघींनी मिळून हे केलं. आणि पुढच्या आषाढात पहिली पुडी आली.

मी स्वतःची समजूत घातली की पुडी म्हणजे माया. आठवण म्हणून पाठवतात. शिवाय पुढच्या वर्षी जाऊन गुपचूप करून टाकू, कुणाला काय कळतंय. पुढच्या वर्षी मुलीची दहावी होती. त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाई आजारी. मग एक वर्ष पावसानं डोंगरावरचा रस्ता खचला. कारणं कधी कमी पडली नाहीत. मुलगी शिकून बंगळूरला गेली, अविनाश निवृत्त झाला, मीही झाले, सगळा दिवस मोकळा, तेव्हा गुडघे गेले.

यंदा पुडी आली नाही म्हणून मी फोन केला. सरोजानं उचलला. ती सासूला अत्ते म्हणते. अत्ते बऱ्या आहेत, म्हणाली. हल्ली दिसायला कमी आलंय, मशीनवर बसत नाहीत, पण बऱ्या आहेत. मग म्हणाली, की हळद आली होती कोट्याहून, पण यंदा नीलम्माला, म्हणजे मला, पुडी नको असं अत्तेच म्हणाल्या.

त्या दिवशी मी वरणात हळद घालायला डबा उघडला आणि तसाच मिटला. अविनाशनं पांढरं वरण बघून काय झालं विचारलं. त्याला मी सगळं सांगितलं, चौदा वर्षांनी. त्यानं वरणभात कालवला. मग म्हणाला, पायऱ्यांनी काही होत नाही ग, पण त्यांच्याशी खोटं बोलायला नको होतं. मला त्याचा राग आला, कारण नेमकं तेच मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या शुक्रवारी मी गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत तुळसाक्का खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर चिंध्यांचा ढीग, बोटांनी चाचपून सुती एकीकडे, रेशमी एकीकडे करत होत्या. रस्त्यावर डोंगराकडे जाणाऱ्या बसगाड्यांची गर्दी होती, आतपर्यंत हॉर्न ऐकू येत होते. मी समोर स्टुलावर बसले. तब्येतीचं विचारलं, मुलीचं सांगितलं, पावसाचं बोलले.

“तुळसाक्का, त्या वरच्या पायऱ्या मी केल्या नाहीत,” मी म्हटलं.

त्यांचे हात थांबले नाहीत.

“गोत्तु,” त्या म्हणाल्या. म्हणजे माहीत आहे. “ती हिरवी साडी घेऊन आलीस की फॉलला, दिवाळीच्या आधी. काठ बघितला मी. आषाढाच्या शुक्रवारी तिथं गेलेली साडी, आणि काठाला एक पिवळा ठिपका नाही. धुऊन जात नाही गे ती हळद. तीन शुक्रवारांच्या माझ्या तीन साड्या अजून तशाच आहेत.”

मला कुठे बघावं कळेना. चौदा वर्षं. म्हणजे अविनाशला चालताना बघून त्या रडल्या तेव्हाही त्यांना माहीत होतं.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? पुडी पाठवत होते नव्हे?”

“आणि यंदा?”

त्यांनी हातातली चिंधी खाली ठेवली. “उगादीला आलीस तेव्हा हा उंबरा उतरताना तू भिंत धरलीस. मला दिसत नाही, पण तेवढं दिसलं. मग देवीला सांगितलं मी. तिचे पाय गेले आता, तिला सोड. बेडा म्हटलं, नको आता.”

त्यांनी हे मायेनं सांगितलं होतं, आणि मला मात्र कुणीतरी वर्गातून नाव काढून टाकल्यासारखं झालं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दर वर्षी पुडी यायची तोवर मी अजून करू शकते असं कुणीतरी धरून चाललं होतं. आता ते संपलं होतं. मी घरी यायला उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन म्हटलं, “पुडी द्या.”

सरोजानं हळद आणली, कुंकू आणलं. बांधायचा दोरा मात्र तुळसाक्कांनी स्वतः गुंडाळला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा गाठ बसली.

आषाढाच्या शेवटच्या शुक्रवारी मी ती हिरवी साडी नेसले. विरलेली, घरात वापरायची झालेली. अविनाश बरोबर आला. उजाडताच नंदीपाशी पोचलो. ढग इतका खाली होता की नंदीची शिंगं दिसत होती आणि पाठ दिसत नव्हती. अविनाश कठड्यावर छत्री आणि थर्मास घेऊन बसला. ज्याच्यासाठी पायऱ्या, तो चहा पीत बघत बसला होता. जमेल तेवढं कर, म्हणाला, मी इथून कुठे जात नाही.

पहिल्या वीस पायऱ्या मी उत्साहानं केल्या. मग वाकणं जमेना, तेव्हा बसून करायला लागले. एका पायरीवर बसायचं, वरच्या पायरीला हात लावायचा, हातावर जोर देऊन उठायचं. पोरी भराभर पुढे जात होत्या, पायऱ्या आधीच लालपिवळ्या चिखलासारख्या झालेल्या, माझी बोटं कुठली आणि इतरांची कुठली काही कळत नव्हतं. झाडीतून माकडं बघत होती. मध्येच ढग फाटायचा आणि खाली शहर दिसायचं, तळ्यांचे तुकडे, राजवाड्याचे घुमट, आणि लांब कुठेतरी आमचं हिनकल, गच्चीसकट. तिथे उभी राहून मी इतकी वर्षं इकडे पाठ करत होते. भक्ती वगैरे मनात काही आली नाही. मी मोजतही नव्हते. फक्त तुळसाक्का इथे साठीनंतर, एकट्या, तिसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्यासाठी याच्या दुप्पट वाकल्या होत्या, एवढं सारखं आठवत होतं आणि लाज वाटत होती.

नवख्या माणसासारखी मी खाली हळद सढळ हातानं लावली, त्यामुळे शेवटच्या पंचवीस-तीस पायऱ्यांना पुडी संपली. तशीच बसून राहिले. पुढच्या पायरीवरच्या पोरीनं मागे वळून बघितलं, तिचं ताट माझ्यापुढे केलं आणि म्हणाली, “तगोळि अम्मा.” घ्या म्हणाली. मी मूठभर घेतली.

वर पोचले तेव्हा देवळाची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. मी रांगेत उभी राहिले नाही. कळसाला हात जोडले आणि एका दुकानाच्या पायरीवर बसले. काही मोठं वाटेल असं वाटलं होतं, पण पाय थरथरत होते आणि भूक लागली होती, बस्स. थोड्या वेळानं अविनाश नंदीपासून वर येणाऱ्या बसनं आला, पाय ओढत गर्दीतून चालत माझ्यापर्यंत पोचला आणि शेजारी बसला. आम्ही एका कणसाचे दोन तुकडे करून खाल्ले.

ती साडी मी धुतली नाही. सोमवारी पिशवीत घालून तुळसाक्कांकडे गेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी काठ शोधला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सरकवायला लागल्या, इंच इंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच एकदा काठ नाकापाशी नेला. पुन्हा सरकवत राहिल्या. सरोजा दारात उभी होती. त्यांची बोटं पिवळी झाली. एका जागी येऊन थांबल्या.

“फॉल सुटलाय इथं,” त्या म्हणाल्या. “सुई ओवून दे.”

मी चष्मा लावला आणि डब्यात हिरवा दोरा शोधायला लागले.